उजनीच्या काठावर चिलापी तळायची आणि पावही भाजायचा : कनूतून कोणतं भांडं न्यावं?

भीमाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मंडळी, एका भांड्यापायी डोकं पिकलंय म्हणून हा धागा काढतोय.

आम्ही तिघं मित्र, सगळे सोलापूरचेच. दोन फुगवायच्या कनू (वल्ह्यानं चालवायच्या लांबट होड्या) आहेत. थंडी सरता सरता दोन रात्रींसाठी उजनीच्या फुगवट्यावर जातो, करमाळ्याच्या बाजूनं. दिवसभर वल्हवायचं, रोहित पक्षी लांबूनच बघायचे, संध्याकाळी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून काठावर तंबू ठोकायचा आणि भोई मंडळींकडून घेतलेली ताजी चिलापी तळायची. या शेवटच्या गोष्टीची मी वर्षभर वाट बघतो.

गेल्या वर्षी हौसेनं टायटॅनियमचा तवा नेला. वजन १२० ग्रॅम, हातात धरला तर कागदासारखा. तीन चिलाप्यांना हळद, मीठ, तिखट लावलं, ज्वारीच्या पिठात घोळवल्या आणि तेलात सोडल्या. पाच मिनिटांत तव्याच्या मधोमध बर्नरएवढं वर्तुळ काळंकुट्ट, आणि कडेला मासा पांढराच. उलथणं घातलं तर मांस उलथण्यावर आलं नि कातडं तव्यालाच राहिलं. शेवटी चमच्यानं खरवडून खाल्लं. मासा इतका ताजा होता की अजून हळहळ वाटते.

तर प्रश्न दोन. तळायला हलकं पण नीट तापणारं भांडं कोणतं? आणि काठावर पाव किंवा केक भाजता येईल असं काही आहे का? सगळं मिळून दोन किलोच्या आत बसावं. स्वयंपाक छोट्या गॅस स्टोव्हवर होतो, कधीमधी वेड्या बाभळीच्या लाकडांवर.

मंगळवारी_बाजार | २ फेब्रुवारी, रात्री १०.०५

लोखंडी पत्र्याचा तवा घ्या की ओ. बाजारात मिळतंय. दुसरं काय बघू नका.

धातुवेडा | २ फेब्रुवारी, रात्री ११.२०

भीमाकाठ, तुमचा मासा का करपला ते सांगतो, म्हणजे पुढची निवड सोपी जाईल.

उष्णता पसरवण्याची ताकद प्रत्येक धातूची वेगळी असते. शुद्ध अॅल्युमिनियमची २३७ च्या घरात (वॅट प्रति मीटर केल्विन), साध्या पोलादी पत्र्याची ५० च्या आसपास, टायटॅनियमची जेमतेम २२, स्टेनलेसची त्याहून कमी, १६ च्या आसपास. त्यात छोट्या गॅस स्टोव्हची ज्योत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. टायटॅनियमला ती आच कडेपर्यंत नेताच येत नाही, म्हणून मध्ये कोळसा आणि कडेला कच्चं.

दुसरा गैरसमज म्हणजे टायटॅनियम सगळ्यांत हलकं असतं हा. घनतेनं बघाल तर टायटॅनियम ४.५ आणि अॅल्युमिनियम २.७. टायटॅनियम मजबूत असल्यामुळे त्याचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ काढता येतो, म्हणून भांडं हलकं होतं. आणि तळताना नेमका तो पातळपणाच नडतो. पाणी उकळायला, चहाला टायटॅनियम उत्तम, कारण पाणी स्वतःच फिरत राहून उष्णता वाटून घेतं. मासा काही तव्यात फिरत नाही.

तळायला अॅल्युमिनियम घ्या, पण तीन मिलिमीटर जाडीचं, हार्ड अॅनोडाइज्ड, म्हणजे वरचा थर मुद्दाम कडक केलेलं.

चुलीवरची | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

जर्मनच्या भांड्यात मासा चिकटतो हो. माझी आजी अॅल्युमिनियमला जर्मनच म्हणायची, तेच तोंडात बसलंय. नॉनस्टिक घ्या. हलकं असतं, तेल कमी लागतं, आणि बाहेर तेलाची बाटली सांडायची धास्ती राहत नाही. मी हुरडा पार्टीला शेतात नॉनस्टिकच नेते, धिरडी सुरेख सुटतात.

धातुवेडा | ३ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

ताई, घरच्या शेगडीवर तुमचं बरोबर आहे. काठावर माझा विरोध एवढ्यासाठीच की तिथं आच हातात राहत नाही. नॉनस्टिकचा तो थर २६० अंशांच्या पुढं खराब व्हायला लागतो आणि ३२७ ला वितळतो. रिकामा पातळ तवा जोरात पेटलेल्या स्टोव्हवर ठेवून मीठ शोधायला गेलात तर तेवढं तापमान बघता बघता गाठलं जातं. लाकडाच्या जाळावर तर विचारूच नका. त्या धुरानं पिंजऱ्यातले पक्षी दगावतात, हे माहीत असलेलं आहे. शिवाय कनूत तवा, उलथणं, कांदा कापायची सुरी असं सगळं एका पिशवीत घासत जातं. एका सफरीत ओरखडे पडतात.

चुलीवरची | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.०२

पक्ष्यांचं माहीत नव्हतं. आमच्याकडे पोपट आहे. आजपासून त्याचा पिंजरा स्वयंपाकघरातून हलवला.

पण धिरड्यांसाठी मी नॉनस्टिक सोडणार नाही, मंद आचेवरच वापरीन.

उगंच_हिंडतोय | ३ फेब्रुवारी, दुपारी १.१०

दादा, मला तव्यातलं काही कळत नाही. तंबू कुठं ठोकणार तेवढं सांगा, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येतो.

मिनेसोटाचा_सोलापूरकर | ४ फेब्रुवारी, पहाटे ५.५०

बाळीवेशीत वाढलो, आता बारा वर्षं अमेरिकेत, मिनेसोटात आहे. धाग्याचं नाव बघून राहवलं नाही.

इथं उत्तरेला कॅनडाच्या हद्दीला लागून बाउंड्री वॉटर्स नावाचं राखीव रान आहे. हजाराहून जास्त तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मधल्या पायवाटेवरून कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि बाकीचं सामान पाठीवर. याला पोर्टेज म्हणतात. नकाशावर हे अंतर ‘रॉड’मध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. एका गटात नऊच माणसं चालतात, आणि डबाबंद किंवा काचेच्या बाटलीतलं अन्न न्यायला मनाई आहे. त्यामुळे पीठ, डाळ, तेल, तूप नेऊन तिथंच रांधावं लागतं, आणि भांड्यांची निवड हा इथल्या लोकांचा जिवाभावाचा विषय आहे.

तळायला बरेच जुने लोक पोलादी पत्र्याचाच तवा नेतात. मंगळवारी_बाजार यांनी एका ओळीत तेच सांगितलं.

भाजायला इथं बॅनक करतात. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, थोडी चरबी किंवा तूप. तव्यात थापायचं, खालची बाजू मंद आचेवर धरू द्यायची, मग तवा जाळासमोर तिरका उभा करून वरची बाजू भाजायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आईची आठवण आली. तीही भाकरीची एक बाजू तव्यावर करून दुसरी आराला लावायची.

दुसरं साधन म्हणजे रिफ्लेक्टर ओव्हन. चकचकीत अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा घडीचा आडोसा, जाळासमोर ठेवायचा, मध्ये ट्रे. त्याला निखारे चालत नाहीत, उंच ज्वाळा लागते. वारा असला की पंचाईत. उजनीवर वारा किती असतो?

केत्तूरकर | ४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

वाऱ्याचं विचारलंत म्हणून सांगतो. सकाळी पाणी आरशासारखं असतंय आणि दुपारनंतर लाटा उठायला लागतात. उन्हाळी वादळ तर सांगून येत नाही. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ते दिवस आम्ही काठावरून बघितलेत. भीमाकाठ, तव्याची चौकशी करा, पण लाइफ जॅकेट अंगातून काढू नका, आणि दुपारी तीनच्या आत काठाला लागा. पाण्याच्या मधोमध तर जाऊच नका.

भीमाकाठ | ४ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

केत्तूरकर दादा, शब्द देतो. जॅकेट आम्ही गाडीतून उतरतानाच घालतो, आणि काठ सोडून शंभर फुटांपलीकडं जात नाही.

हिप्परगा_तळं | ४ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

एक साधा हिशेब मांडू का? उजनीचं पाणी पिण्याजोगं नाही, वरच्या शहरांचं सांडपाणी त्यात येतं. म्हणजे तिघांना दोन दिवसांसाठी निदान २० लिटरचा जार न्यावाच लागतो. तो झाला २० किलो. आणि इथं आपण तव्याच्या ३०० ग्रॅमवर चर्चा करतोय. कनूत वजन पाणी उचलतं, पाठ नाही. बिडाचा तवा न्या, मजेत तळा.

भीमाकाठ | ४ फेब्रुवारी, दुपारी ४.००

हा हिशेब मीही केला होता, पण गाळ विसरलो होतो. फेब्रुवारी संपता संपता धरण उतरायला लागतं. ज्या जागी डिसेंबरात गाडीतून उतरून थेट पाण्यात कनू सोडली, तिथून मार्चमध्ये पाणी अर्धा किलोमीटर मागं गेलेलं असतं. मध्ये गाळपेरीची शेतं आणि त्यापुढं पिंडरीपर्यंत रुतवणारा गाळ. कनू, पंप, तंबू, तो २० किलोचा जार, सगळं त्यातून नेताना एकेक पाऊल उपसून काढावं लागतं. मिनेसोटावाल्या दादांचं पोर्टेज ते हेच. मागच्या वेळी चार खेपा झाल्या. बिडाचा तवा असता तर मी तो तिथंच पुरून आलो असतो.

चाळीतली_सुगरण | ४ फेब्रुवारी, रात्री ८.३५

भाजायचं मी सांगते. एक मोठं पातेलं, त्यात दोन बोटं पाणी, आत जाळी, जाळीवर पिठाचा डबा, वर घट्ट झाकण. ४० मिनिटांत पाव तयार. ढोकळा करतो तसंच. करपायची भीती नाही, पातेलं खराब होत नाही, गॅस मंद ठेवला तरी चालतं.

धातुवेडा | ४ फेब्रुवारी, रात्री ९.१०

सुगरण ताई, पाव शिजेल, भाजला जाणार नाही. वाफ १०० अंशांच्या वर जात नाही आणि पिठाला तांबूस रंग यायला १४० च्या आसपास तापमान लागतं. पांढरा, ओलसर पाव मिळेल.

चाळीतली_सुगरण | ४ फेब्रुवारी, रात्री ९.२५

मिळू दे की! त्याचे काप करायचे आणि तूप सोडून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. मासे तळून झाल्यावर त्याच तव्यावर केलेत तर आणखी चव. मी पोरांना घेऊन मचनूरला गेले होते तेव्हा असेच केले, एक तुकडा उरला नाही. तांबूस रंग मिळाला, आणि १४० अंशही मिळाले तव्यावर.

धातुवेडा | ४ फेब्रुवारी, रात्री ९.४०

हे मान्य. उत्तम तोड आहे.

नवी_पेठ | ५ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

पाण्याऐवजी कोरडंच भाजायचं असेल तर स्वीडनचं ‘ओम्निया’ बघा. तीन भाग असतात. खाली स्टीलची बशी, तिच्या मध्ये भोक. वर अॅल्युमिनियमचा कड्यासारखा साचा, तोही मध्ये पोकळ. त्यावर भोकं असलेलं झाकण. ज्योतीची गरम हवा मधल्या पोकळीतून वर जाते आणि झाकणाखाली वळून पावाची वरची बाजू भाजते. सगळं मिळून अर्धा किलो. माझ्याकडे आहे, केक छान होतो. किंमत मात्र टोचते.

इस्रायलमध्ये १९५० च्या दशकातल्या टंचाईच्या काळात घराघरांत ओव्हन नव्हते तेव्हा याच धर्तीचं ‘वंडर पॉट’ चाललं होतं. आपल्याकडच्या गुजराती मंडळींचा हांडवो कुकरही त्याच नात्यातला, फक्त त्यात खाली वाळू घालतात.

मंगळवारी_बाजार | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

वाळू काठावरच मिळल की.

केत्तूरकर | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

आमच्या काठाला वाळू कुठली, सगळा काळा गाळ. आणि ओढ्यातले गोटे भांड्याखाली ठेवायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. आत ओल असती, तापले की फटाक्यासारखे फुटतात. लहानपणी शेकोटीत बघितलंय, एक कपची भावाच्या भुवईला लागली.

भाजायचंच तर गोवऱ्या घ्या. आम्ही पानगे असेच करतो. गोवरी ज्वाळा न करता एकसारखी धुमसत राहते. भांड्याखाली थोडा आर, झाकणावर त्याच्या दुप्पट आर. वर जास्त आणि खाली कमी, हे पक्कं लक्षात ठेवा. खालची बाजू कधीही आधी लागते.

मिनेसोटाचा_सोलापूरकर | ६ फेब्रुवारी, पहाटे ६.१०

केत्तूरकर, इथं डच ओव्हन वापरणारे अगदी हेच सांगतात. जाड बुडाचं भांडं, कड असलेलं झाकण, त्यावर कोळशाच्या विटा. नियम असा : भांडं जितके इंच रुंद, त्याहून तीन जास्त वर आणि तीन कमी खाली. बारा इंचाला वर १५, खाली ९. साधारण १७० अंश मिळतात. बिडाचं डच ओव्हन फार जड, म्हणून कनूवाले अॅल्युमिनियमचं घेतात, त्याचं वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. फक्त ते रिकामं जाळात सोडायचं नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि फुंकलेले निखारे तेवढे तापतात.

धातुवेडा | ६ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

गॅसवर भाजणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. ज्या स्टोव्हचा बर्नर थेट गॅसच्या डब्यावर बसतो, त्यावर रुंद भांडं बराच वेळ ठेवू नका, आणि वारा अडवायला भोवतीनं पत्रा गुंडाळू नका. उष्णता खाली परतते, डबा तापतो, फुटू शकतो. डब्याला अधूनमधून हात लावून बघा. कोमटाच्या पुढं वाटला तर लगेच बंद करा. नळीनं जोडलेला, डबा लांब ठेवता येणारा स्टोव्ह भाजायला चांगला.

चुलीवरची | ६ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

कनू फुगवायची आहे ना? मग तव्याची कड तिला भोसकणार नाही का? सोलापुरी टॉवेलात गुंडाळून न्या. आपला टॉवेल जाड असतो, तव्याला म्यान होतं आणि हातही पुसता येतात.

भीमाकाठ | १९ मार्च, रात्री १०.३०

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण यातलं जवळजवळ सगळं तुमचंच आहे.

तवा मंगळवार बाजारातून घेतला. नऊ इंची, दोन मिलिमीटर पोलादी पत्रा, थोडा खोलगट. दांडा करवतीनं कापला आणि कड कानशीनं घासून गुळगुळीत केली. काट्यावर ६४० ग्रॅम भरला. दांड्याऐवजी सांडशी, तिचे १०० ग्रॅम. घरी चार दिवस रोज तेल लावून तापवला, पुसला, परत तापवला. राखाडी पत्रा आधी तपकिरी झाला, मग जांभळट, चौथ्या दिवशी काळा तुकतुकीत. भाजायला दोन जर्मनची पातेली, एकात एक बसणारी. दोन्ही आणि झाकण मिळून ७०० ग्रॅम. एकूण दीड किलोच्या आत. टॉवेल वेगळा!

पहिल्या संध्याकाळी चिलापी. तवा आधी रिकामा तापवला, तेल सोडलं, तेल पाण्यासारखं पळायला लागल्यावर मासा. आणि यावेळी एक केलं. मासा फडक्यानं टिपून अगदी कोरडा केला. गेल्या वर्षी तो ओलाच टाकला होता, म्हणजे सगळा दोष टायटॅनियमचा नव्हता. चार मिनिटं उलथणं लावलंच नाही. मग कडेनं हलवलं तर मासा आपणहून सुटून सरकला. ज्वारीच्या पिठाचं कवच शेकोटीच्या उजेडात तांबूस दिसत होतं, आणि मोडलं की कर्रकन वाजत होतं. उरलेलं तेल गार करून बाटलीत भरून परत आणलं.

पाव दुसऱ्या दिवशी. दुपारी यीस्ट घालून कणीक-मैदा मळला, डब्यात घालून कनूच्या पुढच्या टोकाला ठेवला. आपलं ऊन! दीड तासात झाकण वर आलं होतं. मोठ्या पातेल्याच्या बुडाशी अर्ध्या इंची तीन नट ठेवले, त्यावर लहान पातेलं, म्हणजे मध्ये हवेची पोकळी राहिली. खाली दोन गोवऱ्यांचा आर, झाकणावर चार गोवऱ्यांचा. पहिला पाव खालून लागला, कारण मी घाईनं तिसरी गोवरी सरकवली. दुसऱ्याला केत्तूरकर दादांचा नियम मोडला नाही. ३५ मिनिटांनी वास बदलला, काडी घालून बघितली, कोरडी निघाली. वरून तांबूस, आतून मऊ. गरम पाव, तूप आणि शेंगाचटणी. बोलायला कुणी तयार नव्हतं.

पाणी यंदाही मागं गेलेलं होतं. पण तीन खेपांत भागलं.

धातुवेडा | १९ मार्च, रात्री ११.००

वाचून फार बरं वाटलं. फक्त नट चकचकीत पांढरे असतील तर त्यांना जस्ताचा मुलामा असतो. जास्त तापला की त्याचा धूर वाईट. साधे काळे लोखंडी नट घ्या.

भीमाकाठ | १९ मार्च, रात्री ११.१०

काळेच होते, गॅरेजमधले, जुने. पण घेताना हे मनात नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

चाळीतली_सुगरण | २० मार्च, सकाळी ७.४०

खालून लागलेल्या पावाचं काय केलंत?

भीमाकाठ | २० मार्च, सकाळी ८.१५

ताई, काळा भाग कापला आणि तुमच्या पद्धतीनं बाकीचे काप तव्यावर तुपात परतले. सकाळच्या चहाला पुरले नाहीत.

मंगळवारी_बाजार | २० मार्च, सकाळी ९.००

तवा गंजू देऊ नका. धुतला की लगेच जाळावर कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा. त्यात चिंच-टोमॅटो शिजवायचं नाही.

भीमाकाठ | २१ मार्च, रात्री ९.२०

तवा आता माझ्याकडं राहिलेला नाही. आईनं एकदा त्यावर धपाटी केली आणि ‘हा इथंच राहू दे’ म्हणाली. दुसरा घ्यायला येत्या मंगळवारी जातोय. कुणाला हवा असेल तर सांगा, दांडा कापून, कड घासून देईन.

उगंच_हिंडतोय | २१ मार्च, रात्री ९.३१

माझ्यासाठी एक घ्या दादा. नऊ इंचीच.

केत्तूरकर | २१ मार्च, रात्री ९.५०

मला दोन. एक दांड्यासकट राहू द्या, घरात सांडशी एकच आहे.